संदेश थांबला की पंप थांबला पाहिजे

मंडळी, घरातले वायरलेस सेन्सर आणि रिले, म्हणजे चिपच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारे स्विच, म्हटलं की लोकांना दिवे-पंखे आठवतात. मी मात्र आज पाण्याच्या पंपाबद्दल बोलणार आहे. नळाचं पाणी ठरावीक वेळी येतं, खालच्या हौदात साठतं आणि तिथून गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागतं. सेन्सर टाकीवर, रिले पंपापाशी, मध्ये चार स्लॅब. एवढी वायर कोण ओढणार? म्हणून वायरलेस.

सामान आपल्या पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतं. एस्प्रेसिफची ईएसपी८२६६ ही वायफाय चिप २०१४ मध्ये आली आणि हे काम घरी करण्याइतकं स्वस्त झालं. जोडणी सोपी आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

खरी गोष्ट रिलेची. त्या छोट्या निळ्या रिलेवर १० अँपिअर, २५० व्होल्ट छापलेलं असतं. हा आकडा गीझर-इस्त्रीसारख्या लोडसाठी आहे. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना सहा-सात अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. तेव्हा रिलेच्या आत एकमेकांना टेकणाऱ्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, धातू थोडा वितळतो, आणि एक दिवस दोन्ही कॉन्टॅक्ट चिकटून बसतात. आमच्या सोसायटीत मी बसवलेल्या पहिल्या कंट्रोलरचं हेच झालं. प्रोग्रॅमने पंप बंद केला होता, मोबाइलवर ‘बंद’ दिसत होतं, आणि पाणी गच्चीवरून जिन्यात उतरत होतं. रात्री दोन वाजता वॉचमनकाकांनी दार वाजवलं. ऐन मे महिना, टँकरचं पाणी. ते मला अजून सलतं.

तेव्हापासून आमचा रिले फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरसाठीच्या दणकट स्विचची, कॉइल (त्याला ओढून धरणारं तारेचं वेटोळं) चालवतो, मोटरचा भार कॉन्टॅक्टर उचलतो. त्याच कॉइलच्या वाटेत पाण्यावर तरंगून चालणारा एक साधा फ्लोट स्विचही आहे. टाकी काठोकाठ भरली की तो कॉइलची वीज तोडतो, मग प्रोग्रॅम काहीही म्हणो.

दुसरी अडचण लाईट जाऊन परत येते तेव्हाची. चिप सुरू होताना तिच्या काही पिना क्षणभर वरखाली होतात आणि रिले उगाच खटकतो. रिलेसाठी जीपीआयओ ४ किंवा ५ या पिना घ्या, त्या शांत राहतात. आणि संदेश पाठवायला एमक्यूटीटी ही पद्धत वापरत असाल तर ‘चालू’ हा हुकूम कधीही रिटेन करून ठेवू नका. रिटेन केलेला संदेश ब्रोकर, म्हणजे संदेश वाटणारा सर्व्हर, जपून ठेवतो आणि कंट्रोलर पुन्हा जोडला गेला की लगेच त्याच्या हातात देतो. सकाळचा हुकूम दुपारी पाळला जातो, हौद कोरडा असला तरी.

आता स्लॅब. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल काँक्रीट आणि सळयांमधून जाताना फार क्षीण होतो, त्यामुळे संदेश गळणारच. म्हणून आमचा वरचा सेन्सरचा डबा दर ३० सेकंदांनी पातळी कळवतो. लागोपाठ तीन संदेश चुकले की खालचा कंट्रोलर कुणाला न विचारता पंप बंद करतो. वरून काही कळत नसताना ‘शेवटची स्थिती कायम ठेवा’ असं लिहिलेला प्रोग्रॅम मला धोकादायक वाटतो, मग त्याचं ॲप कितीही देखणं असो.

घरी जाऊन एवढं करा. पंप चालू असताना वरच्या डब्याची विजेची वायर काढा आणि घड्याळ बघत खाली उभे राहा. आमच्याकडे दीड मिनिटात कॉन्टॅक्टर ठक्कन सुटतो. वॉचमनकाका दर महिन्याच्या एक तारखेला हे स्वतः करून बघतात आणि वहीत वेळ लिहितात.