वर्गणीवर चालणारी मदत

मार्च 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या छावण्यांत राहणाऱ्या रोहिंग्या निर्वासितांचा शिधा दरमहा माणशी 12 डॉलरवरून 10 डॉलरवर आणला आणि जूनमध्ये तो 8 डॉलर केला. त्या तीन महिन्यांत छावण्यांतील माणसे कमी झाली नव्हती, त्यांना बाहेर जाऊन रीतसर काम करण्याची मुभा मिळाली नव्हती, की म्यानमारला परतण्याची वाटही मोकळी झाली नव्हती; कमी पडला होता तो देणगीदारांकडून येणारा पैसा. 2024 मध्ये पैसा आला तसा शिधा टप्प्याटप्प्याने साडेबारा डॉलरपर्यंत चढला. मार्च 2025 मध्ये तो निम्म्याहून खाली, 6 डॉलरवर येणार असल्याचे कळवण्यात आले, आणि महिना सरण्याआधीच निधीची सोय झाल्याने ती कपात टळली. दहा लाखांच्या वस्तीने पुढच्या महिन्यात किती जेवायचे, हे असे दूरच्या राजधान्यांतील अंदाजपत्रकांवर ठरत असते.

याचे मूळ निधी उभारण्याच्या पद्धतीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा खर्च सदस्य देशांवर ठरलेल्या प्रमाणात आकारला जातो. तो थकवला जातो, पण निदान थकबाकी म्हणून नोंदला तरी जातो. मानवतावादी मदत मात्र जवळजवळ संपूर्णपणे ऐच्छिक आहे. डिसेंबर 1991 मधील महासभेच्या ठरावाने मदतनिधीची आवाहने एकत्र करण्याची व्यवस्था लावली, पण आवाहन हे शेवटी आवाहनच असते. ज्यांनी गल्लीत गणपतीची वर्गणी गोळा केली आहे त्यांना ठाऊक असेल, की सर्वांत मोठी पावती फाडणाऱ्याच्या मताला मंडपात वजन असते. इथेही बराच पैसा अमुक देशासाठी, अमुक कामासाठी अशी चिठ्ठी लावूनच येतो, आणि बातम्यांतून उतरलेल्या संकटाच्या वाट्याला उरलेसुरलेच येते.

शिवाय मोठ्या पावत्या फाडणारे मोजकेच. 2024 मध्ये नोंदल्या गेलेल्या मानवतावादी निधीपैकी सुमारे दोन पंचमांश एकट्या अमेरिकेचा होता. जानेवारी 2025 मध्ये तिने परदेशी मदत गोठवली आणि त्याच वर्षी ती मदत वाटणारी ‘यूएसएड’ ही आपली सरकारी संस्था मोडीत काढली. ब्रिटननेही कपात जाहीर केली. त्या वर्षासाठी सुमारे 47 अब्ज डॉलर मागणारे संयुक्त राष्ट्रांचे आवाहन जूनमध्ये 29 अब्जांवर आणावे लागले आणि साधारण 19 कोटींऐवजी 11.4 कोटी माणसांवर लक्ष केंद्रित करावे लागले. याला ‘प्राधान्यक्रम’ असे नाव मिळाले. उरलेल्या माणसांची भूक मिटली म्हणून काही ती यादीतून गळली नव्हती.

मदतीला हक्काचे रूप देता येते, हे महाराष्ट्राने एकेकाळी करून दाखवले आहे. 1972 च्या दुष्काळात विस्तारलेल्या रोजगार हमीला पुढे कायद्याचा आधार मिळाला, आणि तिच्या खर्चासाठी 1975 पासून व्यवसाय कर आला. म्हणजे शहरातील पगारदाराच्या वेतनातून कापलेली रक्कम दुष्काळी तालुक्यातील मजुरीसाठी उभी राहू लागली. त्या योजनेत गैरव्यवहार झाले, मजुरी रखडली, हे सारे खरे. तरी काम मागणाऱ्याला कोणाच्या दानतीची वाट पाहावी लागणार नाही, अशी तिची रचना होती.

जगाला कर बसवणारे सरकार नाही, हा यावरचा आक्षेप रास्तच आहे. पण 2006 मध्ये फ्रान्सने विमानाच्या तिकिटांवर छोटा अधिभार लावला आणि त्यातून एचआयव्ही, क्षयरोग व मलेरियाच्या औषधांसाठी ‘युनिटएड’ या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे पैसा वळवला; काही देश त्यात सामील झाले. त्याच वर्षी सुरू झालेला संयुक्त राष्ट्रांचा केंद्रीय आपत्कालीन निधी चिठ्ठी न लावता येणारा पैसा हाताशी ठेवतो, म्हणूनच जुलै 2020 मध्ये बांगलादेशात पुराने कळस गाठण्याआधी त्याला 52 लाख डॉलर मोकळे करता आले. या निधीसाठी वर्षाला एक अब्ज डॉलरचे उद्दिष्ट महासभेने मान्य केले आहे. ते आजवर एकदाही गाठले गेलेले नाही, कारण हा निधीही वर्गणीवरच चालतो.