‘सौजन्य : इंटरनेट’

(छोटी नियतकालिके आणि स्मरणिका काढणाऱ्या संपादकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, दिवाळी अंक, गृहनिर्माण संस्थेची स्मरणिका, शाळेचे वार्षिक असे काही ना काही काढणारी मंडळी आज समोर बसली आहेत. म्हणून कायद्याच्या कलमांऐवजी, छायाचित्राखाली बारीक टाइपात आपण जे दोन शब्द छापतो त्यांच्यापासून सुरुवात करतो : ‘सौजन्य : इंटरनेट’. हे शब्द मीही छापले आहेत. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या स्मरणिकेचे काम माझ्याकडे होते आणि मुखपृष्ठासाठी पावसाळ्यातल्या राजगडाचे एक छायाचित्र मी गूगलवरून उतरवून घेतले. अंक वाटून झाल्यावर पंधरा दिवसांनी ते छायाचित्र टिपणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. ते चिडलेले नव्हते, आणि त्यामुळेच मी अधिक ओशाळलो. ते म्हणाले, ‘‘बालेकिल्ल्यावरचं धुकं हटावं म्हणून मी सुवेळा माचीवर दोन दिवस बसून होतो. सौजन्य दाखवायला मी तयार होतो, पण तुम्ही विचारलंच नाही.’’

सौजन्य म्हणजे समोरच्याने आपल्याशी दाखवलेला चांगुलपणा. इंटरनेट हा कोणी सद्गृहस्थ नव्हे, की ज्याने तो दाखवावा. तिथे दिसणाऱ्या प्रत्येक लेखामागे आणि चित्रामागे कोणीतरी कर्ता असतो, आणि आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याने, ज्याला आपण स्वामित्वहक्काचा किंवा प्रताधिकाराचा कायदा म्हणतो, त्या कर्त्याला दोन वेगळ्या गोष्टी दिलेल्या आहेत. कृतीची प्रत काढणे, ती प्रकाशित करणे, तिचे भाषांतर किंवा रूपांतर करणे हे हक्क कलम १४मध्ये येतात. कृतीचा कर्ता म्हणून आपले नाव लागावे आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी तिची मोडतोड होऊ नये, हा अधिकार कलम ५७मध्ये येतो आणि स्वामित्वहक्क विकून टाकल्यावरही तो कर्त्याकडेच राहतो. नाव छापले की दुसरे ऋण फिटते, पहिले तसेच राहते. ‘‘नाव तर दिलं होतं ना?’’ हे उत्तर म्हणूनच अपुरे पडते. माझ्या बाबतीत तर मी नावही दिले नव्हते.

हा हक्क मिळण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. कविता कागदावर उतरली, छायाचित्र टिपले गेले, की तो निर्माण होतो. ‘सर्व हक्क सुरक्षित’ हे शब्द किंवा वर्तुळातला सी दिसला नाही म्हणून ती वस्तू बेवारस ठरत नाही. संरक्षण मिळते ते मात्र मांडणीला, माहितीला किंवा कल्पनेला नव्हे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे पुरेसे स्पष्ट केलेले आहे. राजगड कोणाच्या मालकीचा नाही, त्याचा इतिहास आणि सनावळ्याही कोणाच्या नाहीत. त्यावर कोणी लिहिलेला परिच्छेद मात्र लिहिणाऱ्याचा असतो.

आता मुदतीकडे वळतो, कारण आपल्या कामात सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो, आणि ही साठ वर्षे मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजायची असतात. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०११पासून सर्वांसाठी खुले झाले. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. १९४१ साली निधन पावलेल्या रवींद्रनाथांचे साहित्य १९९१च्या अखेरीस खुले होणार म्हटल्यावर ती १९९२च्या दुरुस्तीने दहा वर्षांनी वाढवण्यात आली. बहिणाबाई चौधरींचे उदाहरण थोडे निराळे आहे. त्या डिसेंबर १९५१मध्ये गेल्या आणि त्यांच्या कवितांचा संग्रह १९५२ साली निघाला. मरणोत्तर प्रकाशित लेखनाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात, त्यामुळे त्या कविता २०११च्या नव्हे, तर २०१२च्या अखेरीस मोकळ्या झाल्या. फरक एका वर्षाचाच. पण लेखकाचे वर्ष आणि पुस्तकाचे वर्ष अशी दोन्ही तपासायची सवय त्यातून लागते. उलट पु. ल. देशपांडे २०००मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६०च्या अखेरीपर्यंत आहे, आणि व्हॉट्सॲपवर त्यांचे उतारे कितीही फिरले तरी तो एका दिवसानेही कमी होत नाही. (त्यांच्या नावावर फिरणारे सगळे त्यांचेच असते असेही नाही, आणि एखाद्याच्या माथी दुसऱ्याचे लेखन मारणे हा वेगळाच अपराध आहे.)

मूळ कृती जुनी असली तरी तिच्यावर चढवलेले नवे काम जुने होत नाही. तुकोबांचा अभंग कोणीही छापावा. परंतु एखाद्या संपादकाने अलीकडे लिहिलेली प्रस्तावना आणि टीपा त्याच्याच आहेत. शेक्सपिअर सर्वांचा, त्याचे अलीकडचे मराठी भाषांतर भाषांतरकाराचे. तोच अभंग तुम्ही चित्रफितीमागे लावता तेव्हा चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण बहुधा कंपनीचे असते.

सरकारी संकेतस्थळावरचे साहित्य फुकट, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने स्वतः निर्माण केलेल्या साहित्यावर तिथे स्वामित्वहक्क नसतो, म्हणून नासाची बहुतेक छायाचित्रे आपल्याकडे सर्रास छापली जातात. आपल्या कायद्यात राजपत्र, अधिनियम आणि न्यायनिवाडे यांच्या पुनर्मुद्रणाला काही अटींवर मोकळीक आहे. पण एरवी शासकीय कृतीवरही साठ वर्षे हक्क असतो, तेव्हा त्या त्या संकेतस्थळाच्या तळाशी दिलेले स्वामित्वहक्क धोरण उघडून वाचावे.

मग छायाचित्र आणायचे कुठून? विकिमीडिया कॉमन्स या इंटरनेटवरच्या चित्रसंग्रहात प्रत्येक चित्राच्या पानावर कर्त्याचे नाव आणि परवाना लिहिलेला असतो. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांत, म्हणजे कर्ता आपली कृती ठरावीक अटींवर इतरांना वापरू देतो त्या तयार परवान्यांत, नुसते श्रेय मागणारे आहेत, व्यावसायिक वापराला मनाई करणारे आहेत आणि बदल करू न देणारेही आहेत. जाहिराती घेणाऱ्या दिवाळी अंकाने व्यावसायिक वापराची अट दोनदा वाचावी. श्रेयाची ओळ छापताना छायाचित्रकाराचे नाव, परवान्याचे नाव, मूळ पत्ता आणि आपण काही बदल केला असल्यास तो, एवढे लिहावे. ‘विकिपीडियावरून साभार’ एवढ्याने ती अट पुरी होत नाही.

परीक्षणासाठी, टीकेसाठी किंवा चालू घडामोडींच्या वृत्तांतासाठी उतारा घेण्याची सवलत कलम ५२मध्ये आहे. अमुक इतके शब्द किंवा दहा टक्के चालतात असे मात्र त्या कलमात कुठेही लिहिलेले नाही. चार ओळींच्या कवितेच्या चारही ओळी देऊन वर ‘किती सुंदर!’ एवढेच लिहिले, तर ते परीक्षण नव्हे.

बाकी सर्व ठिकाणी पत्र लिहावे, आणि ते ज्याने कविता संकेतस्थळावर चढवली त्याला न लिहिता कवीला, वारसांना किंवा हक्क ज्याच्याकडे असेल त्या प्रकाशकाला लिहावे. कोणती कृती, कोणत्या अंकात, किती प्रती, छापील की ई-आवृत्तीही, आणि मानधन किती देऊ शकतो, हे त्यात यावे. होकार तोंडी आला तर तो ई-मेलने लेखी मागून घ्यावा. राजगडाच्या त्या छायाचित्रकारांना मी असेच पत्र उशिरा पाठवले, संस्थेने मानधनही दिले. पुढच्या वर्षीच्या अंकासाठी विचारले, तेव्हा त्यांनी तीन छायाचित्रे पाठवली आणि खाली लिहिले, ‘‘यांतले एकच वापरा, बाकी दोन निवडीसाठी आहेत.’’ आम्ही एकच वापरले.