मालकाचा देव आणि माझी गोळी

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? ठीक.

मघाशी चहा घेताना एका काकूंनी मला विचारलं, अगं गर्भनिरोधक गोळ्यांवर कसलं व्याख्यान देतेस, मेडिकलमध्ये जायचं आणि घ्यायच्या. त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे माला-एन सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, माला-डी थोडक्या पैशात मिळते, नोकरी देणाऱ्या मालकाचा यात संबंधच येत नाही. अमेरिकेत येतो, आणि मालकाबरोबर त्याचा देवही येतो. तेच सांगायला उभी राहिलेय.

मी २००९ ला न्यू जर्सीला गेले. तिथे सिव्हिलला जाऊन केसपेपर काढला असं नसतं, बहुतेकांचा हेल्थ इन्शुरन्स नोकरीतून येतो, बायकापोरं सगळी त्याच कार्डावर. माझा एच-फोर व्हिसा, म्हणजे मला कामाची परवानगी नाही, कार्ड नवऱ्याच्या कंपनीचं. गोळ्यांच्या एका पाकिटाला ३५ डॉलर जायचे आणि मी दर महिन्याला ते मनातल्या मनात पन्नासने गुणायचे, नवीन गेलेले सगळेच गुणतात. मग २०१३ च्या जानेवारीत काउंटरवरच्या मुलीने कागदी पिशवी पुढे सरकवली, पिशवीला स्टेपल केलेली पावती, आणि पावतीवर शून्य. मी म्हटलं काहीतरी चुकलंय. मागे लाइन लागलेली, ती म्हणाली नाही, आता असंच आहे. घरी येऊन नवऱ्याला दाखवलं तर त्याला वाटलं मी कुठलंतरी कूपन वापरलं.

कूपन नव्हतं, कायदा होता. २०१० चा, ज्याला सगळे ओबामाकेअर म्हणतात. त्यात होतं की आजार होऊ नये म्हणून जे उपाय असतात त्यांना पेशंटकडून वरचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं की बायकांसाठी गर्भनिरोधकं त्यातच धरा. ऑगस्ट २०१२ नंतर हे लागू व्हायला लागलं. चर्चना पहिल्यापासून सूट होती, त्याबद्दल कोणाची फार तक्रार नव्हती. भांडण लागलं ते दुकानावरून.

हॉबी लॉबी नावाचं दुकान आहे. लोकर, फ्रेमा, डिंक, कापडी फुलं, गणपतीच्या मखराला लागतं ते निम्मं सामान तिथे मिळतं, त्यामुळे आपल्या लोकांच्या गाड्या ऑगस्टमध्ये तिथे हमखास दिसतात. ओक्लाहोमातलं ग्रीन कुटुंब, कट्टर ख्रिश्चन, रविवारी दुकान बंद. तेव्हा पाचशेच्या वर दुकानं आणि १३,००० च्या वर कर्मचारी. ते म्हणाले, यादीतल्या २० प्रकारांपैकी १६ ना आम्ही पैसे देतो, पण चार आमच्या धर्मात बसत नाहीत, दोन इमर्जन्सी गोळ्या आणि दोन तांबीसारखी साधनं. का, तर त्यांनी फलित झालेलं बीज रुजत नाही, म्हणजे तो गर्भपातच. डॉक्टरांच्या संघटना म्हणतात हा गर्भपात नाही. पण सुप्रीम कोर्टाने ते तपासलंच नाही, श्रद्धा प्रामाणिक आहे ना, मग पुरे. ३० जून २०१४, पाच विरुद्ध चार, ग्रीन जिंकले.

आता गंमत बघा. गंमत म्हणजे, हसू येईल अशी नाही. ते जिंकले कुठल्या कायद्यावर? १९९३ च्या धार्मिक स्वातंत्र्याच्या कायद्यावर. आणि तो आला कुठून? ओरेगनमध्ये आल्फ्रेड स्मिथ आणि गेलन ब्लॅक हे दोघं व्यसनमुक्ती केंद्रात काम करायचे. नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या विधीत त्यांनी पेयोटी नावाचं निवडुंग खाल्लं, आपल्याकडे प्रसाद म्हणून भांग घेतात तसं समजा, तर नोकरी गेली आणि बेकारभत्ताही नाकारला. १९९० ला सुप्रीम कोर्टात हरले. त्यावर सगळे धर्म, सगळे पक्ष एकदम खवळले, सिनेटमध्ये ९७ विरुद्ध ३ ने नवा कायदा पास झाला, क्लिंटननी सही केली. म्हणजे कामावरून काढलेल्या दोन माणसांमुळे आलेला कायदा, आणि एकवीस वर्षांनी तो वापरला मालकाने, कामावरच्या बायकांविरुद्ध. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच खुपतं.

हॉबी लॉबीच्या निकालाच्या विरोधात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी ३५ पानं लिहिली. त्यातला एक मुद्दा मला फार आवडतो, कारण तो काउंटरवरचा मुद्दा आहे: तांबी बसवायचा खर्च किमान वेतनावरच्या बाईच्या जवळजवळ महिनाभराच्या पूर्ण पगाराएवढा होतो. म्हणजे चारच तर प्रकार वगळलेत असं म्हणणं सोपं आहे, पण त्या चारात एक फार महागडं आणि फार भरवशाचं साधन होतं.

(इथे प्रेक्षकांतून एका काकांनी विचारलं, पण मालकाला जे पाप वाटतं त्याला त्याने पैसे का द्यावे?)

काका, प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. पण पैसे कोणाचे ते आधी ठरवू. इन्शुरन्स ही काही मालकाने दिवाळीला दिलेली भेट नाही, तो पगाराचाच भाग आहे, त्यासाठी आम्ही राबतो, वर आमच्या पगारातूनही हप्ता कापला जातो. उद्या शाकाहारी मालकाने सांगितलं की माझ्या पगारातून बोंबील आणायचे नाहीत, तर तुम्ही ऐकाल का?

(हशा.)

बरं, कोर्टाने मालकाला मोकळं करताना एक वाट दाखवली होती. धार्मिक संस्थांसाठी आहे तशी सोय करा, मालकाने एक फॉर्म भरायचा, मग पैसे विमा कंपनी भरेल. तीन दिवसांनी, मोजून तीन, व्हीटन नावाच्या ख्रिश्चन कॉलेजने सांगितलं की फॉर्म भरणं हाही पापातला वाटा, आणि कोर्टाने त्यांनाही तात्पुरती सूट दिली. लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर या नन्स, गरीब म्हाताऱ्यांची सेवा करतात, त्यांचंही म्हणणं तेच. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, तरी स्वतः सही न करण्यापर्यंत ठीक, पण आम्ही सही केली नाही म्हणजे दुसऱ्यानेही द्यायचं नाही हे मला पटत नाही. २०१७ ला ट्रम्प सरकारने सूट मोठी केली, २०२० ला कोर्टाने सात विरुद्ध दोनने ती ठेवली. सरकारचाच अंदाज होता की ७०,५०० ते १,२६,४०० बायकांचं कव्हर जाऊ शकतं.

आणि हे काही फक्त तिकडचं वेड नाही हां. र. धों. कर्वे मुंबईत मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ ला संततिनियमनाचं केंद्र काढलं, उघडपणे बोलायला लागले, कॉलेजला ते खपेना, नोकरी सोडावी लागली. घराला बायकोच्या, मालतीबाईंच्या, नोकरीचा आधार. शंभर वर्षांपूर्वी, गिरगावात, मालकाचा धर्म आणि गर्भनिरोधक, भांडण तेच.

काकू, तुमचं अर्धं खरं झालंय पण. २०२४ पासून तिथेही एक रोजची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते, ओपिल नावाची. दुकानात जायचं आणि घ्यायची, मालकाला पत्ताही लागत नाही. फक्त चिठ्ठी नसली की बऱ्याचदा इन्शुरन्स पैसे देत नाही, मग महिन्याला साधारण २० डॉलर आपल्याच पर्समधून. मी अजून मनात गुणते, आता पन्नासपेक्षा बऱ्याच मोठ्या आकड्याने.