उन्हानं छापलेलं पुस्तक

हे निळं पान पाहा. मधोमध पांढऱ्या, केसाइतक्या बारीक तंतूंची जाळी. ही ब्रशनं रंगवलेली नाही, कॅमेऱ्यानं टिपलेलीही नाही. खरं समुद्री शेवाळ कागदावर ठेवलं आणि उन्हात धरलं, त्याची ही छाप आहे.

इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या ॲना ॲटकिन्स चित्रकलेत तरबेज होत्या. वडिलांनी अनुवादलेल्या शंखशिंपल्यांवरच्या पुस्तकासाठी त्यांनी अडीचशेच्या वर चित्रं काढली होती. पण शेवाळापुढे त्यांचाही हात थांबला, इतकं ते नाजूक! 1842 मध्ये घरोब्यातले शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी सायनोटाइपची, म्हणजे उन्हानं निळी छाप काढायची रीत शोधली. तिच्यातून आख्खं पुस्तक काढता येईल, हे ॲनाबाईंना सुचलं.

आज ही रीत अशी करतात. 100 मिलिलिटर पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, वेगळ्या 100 मिलिलिटरमध्ये 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. मंद उजेडात दोन्ही समसमान मिसळून कागदावर फिरवायचं आणि अंधारात वाळवायचं. कागद पिवळट-हिरवा होतो. त्यावर शेवाळ, वर काच. ऊन लागेल तिथल्या लोहक्षारांपासून प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग तयार होतो; शेवाळाखालचं रसायन पाण्यात धुऊन जातं आणि कागद पांढरा राहतो.

काम बिघडतं ते बारीकसारीक चुकांनी. शेवाळ ओलसर असेल तर डाग पडतो. काच घट्ट दाबली नाही, तर उजेड खाली शिरतो आणि कडा पुसट होतात. ऊन कमी पडलं तर निळाई धुताना वाहून जाते. जास्त झालं तर पांढऱ्यावरही निळसर झाक येते. इंग्लंडच्या ढगाळ हवेत हा अंदाज बांधणं किती जिकिरीचं असेल!

शेवाळांच्या नावांसाठी छापखान्याचे टाइप जुळवलेच नाहीत. पातळ कागदावर शाईनं लिहायचं, तेल लावून तो पारदर्शक करायचा आणि शेवाळाजवळ ठेवायचा. शाई ऊन अडवते. अक्षरं पांढरी उमटतात.

पहिला भाग ऑक्टोबर 1843 मध्ये निघाला. फोटोंनी, तेही कॅमेऱ्याविना काढलेल्या, सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक ते हेच मानतात. काम संपायला 1853 उजाडलं. प्रत्येक प्रतीचं प्रत्येक पान नव्यानं उन्हात धरायचं, म्हणजे एकूण हजारो कागद. प्रती विकल्या नाहीत. मित्रांना आणि संस्थांना भेट दिल्या. प्रस्तावनेखाली सही फक्त ‘ए. ए.’ पुढे तिचा अर्थ ‘ॲनॉनिमस ॲमॅच्युअर’, म्हणजे कुणी अनाम हौशी, असाही लावला गेला.