भट्टी विझल्यावर जहाजातली हवा

श्रोतेहो, नमस्कार.

एन. एस. सव्हाना हे अणुशक्तीवर चालणारं जगातलं पहिलं मालवाहू-प्रवासी जहाज. १९५९ साली अमेरिकेत कॅम्डेनला ते पाण्यात उतरलं. याला धुराडंच नाही, कारण धूरच नव्हता. पण धूर नसला तरी अणुभट्टीच्या आसपासची हवा कुठून येते आणि कुठे जाते, यावर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागे.

अशा जहाजावर भट्टीच्या भागातला दाब बाहेरच्यापेक्षा जरासा कमी ठेवतात. म्हणजे फट राहिलीच, तर बाहेरची हवा आत शिरेल, आतली बाहेर पडणार नाही. आतली हवा काढायची ती पंख्याने ओढून आणि फिल्टरमधून गाळूनच.

सव्हानाची अणुभट्टी साधारण ३५ फूट व्यासाच्या आणि ५० फूट लांबीच्या पोलादी कंटेनमेंटमध्ये, म्हणजे किरणोत्सार बाहेर पडू नये म्हणून भोवती बांधलेल्या बंद कवचात होती. आता गंमत बघा. जहाज बुडालंच, तर खोल समुद्राच्या दाबाने हे बंद पोलादी पिंप चेपून फुटेल. म्हणून त्याला अशा झडपा ठेवल्या होत्या की ठरावीक खोलीवर त्या आपोआप उघडाव्यात, पाणी आत घ्यावं आणि दाब सारखा झाला की मिटाव्यात. किरणोत्सार कोंडून ठेवायचा तर आधी समुद्राला आत घ्यायचं! मला तर साऱ्या जहाजात हीच युक्ती सर्वांत हुशारीची वाटते.

जहाज सेवेतून काढलं आणि १९७१मध्ये त्यातलं इंधनही उतरवलं. मागे उरला तो भट्टीच्या पोलादात मुरलेला किरणोत्सार. त्यातल्या कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचं अर्धआयुष्य सव्वापाच वर्षांचं, म्हणजे दर सव्वापाच वर्षांनी तो निम्मा होतो. पन्नास वर्षांत त्याचा हजारात एखाद-दुसरा भागच उरतो. भट्टीचं मुख्य पात्र बाहेर काढलं ते थेट नोव्हेंबर २०२२मध्ये, अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरात.

म्हणून अशा जुन्या जहाजात किरणोत्सारापेक्षा साध्या हवेचंच भय मोठं. लोखंडाच्या बंद टाकीत गंज चढत जातो आणि गंज ऑक्सिजन खातो. चांगल्या हवेत ऑक्सिजन जवळपास २१ टक्के असतो. अमेरिकी नियमाने तो १९.५च्या खाली गेला की हवा पुरवणारं श्वसनयंत्र लावल्याशिवाय आत जायचं नाही. फार कमी असेल तर माणूस दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला धावलेला दुसराही तिथेच पडतो. सांगलीजवळच्या हरिपूरची, हळद साठवायची जमिनीखालची पेवं आठवा. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही, आधी हवा खेळू देतात. टाकीचंही तसंच. फक्त इथे माणूस उतरण्याआधी हवा तपासायचं मीटर किंवा त्याची नळी दोरीला बांधून आत सोडतात. तळाशी, मध्ये आणि वर, अशी तीन ठिकाणी मोजणी होते.

माणसाच्या छातीवर डोसिमीटर असतो, पण किरणांचा हिशेब ठेवणारं ते यंत्र ऑक्सिजनबद्दल अवाक्षर काढत नाही. दोन्ही यंत्रं बरोबर लागतातच. त्यात गॅसने पत्रा कापायला लागलं की जुन्या रंगातल्या शिशाचा धूर उठतो, तो जागच्या जागी ओढून घ्यावा लागतो.

शिवाय भट्टी बंद म्हणजे तिच्यावर तयार होणारी वीजही बंद. हवा खेळवणारे ब्लोअर चालतात ते धक्क्यावरून ओढलेल्या केबलवर. ती वीज गेली, की हातातलं काम टाकून आधी माणसं वर काढतात, आणि ब्लोअर पुन्हा सुरू झाला तरी नव्याने मोजणी झाल्याशिवाय कुणाला खाली सोडत नाहीत.

नमस्कार.