आधी हुक, मग पाय

गोव्यातल्या दोना पावलाचा हवाई बीच, एप्रिलमधली दुपार. सकाळभर पाणी नुसतं पसरून असतं. जमीन तापली की खारं वारं सुटतं आणि वाळूवर एकेक शीड उभं राहायला लागतं.

या मुलीचे तळवे बघा. चिकटपट्टीखाली फोड आलेत. विंडसर्फिंग म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्याने पाण्यावर धावणं. सुरुवातीला वाऱ्याची सगळी ओढ बोटांनीच पेलावी लागते. अर्ध्या तासात मुठी धड उघडत नाहीत.

त्यावरचा इलाज आज तिच्या कमरेला आहे. हार्नेस. रुंद पट्टा, पुढे पोलादी हुक. बूमला, म्हणजे शीड धरायच्या आडव्या दांड्याला, दोरीची एक कमान लोंबते. ती हुकात अडकवायची आणि सरळ बसायचं, खुर्चीत बसतो तसं. पण हात ऐकत नाहीत, ते ओढतच राहतात. किनाऱ्यावरून सर ओरडतायत, “अगं, सोड भार! दोरीवर सोड!”

दोरीची जागा मात्र वाळूवरच ठरते. वाऱ्यात शीड धरायचं, एका हाताने ते जिथे तोलून राहील ती जागा शोधायची आणि तिच्या दोन्ही अंगांना टोकं बांधायची. दोरी थोडी पुढे गेली की मागचा हात भरून येतो, मागे गेली की पुढचा.

आता बोर्डवरचे, पाय अडकवायचे पट्टे. हे आले खऱ्या हवाईतून. १९७० च्या दशकात ओआहू बेटावरच्या कैलुआत, लाटेवरून उडताना बोर्ड पायाखालून निसटू नये म्हणून. शिकणाऱ्याला वाटतं, पट्टे आहेत तर पाय घालून टाकू. घाई तिथेच नडते. वेग नसताना मागे सरकलं की शेपूट बुडते, बोर्ड वाऱ्याकडे तोंड फिरवतो आणि शीड नुसतं फडफडत राहतं.

साधारण १२ नॉट, म्हणजे ताशी २२ किलोमीटर वारा हवा. बोर्ड पाणी कापायचं सोडून पाण्यावरून घसरायला लागला, की आधी हुकावर बसायचं. तो भार मास्टच्या, म्हणजे शिडाच्या उभ्या काठीच्या, बुंध्यातून बोर्डवर उतरतो, पाय हलके होतात. मग पुढचा पाय, आणि तो बसल्यावर मागचा. पट्ट्यातून फक्त बोटं बाहेर दिसावीत. घोट्यापर्यंत अडकवलेला पाय पडताना मुरगळलाच म्हणून समजा.

आणि हा आला वाऱ्याचा झोत! ती हुकात अडकलेली, शिडाने उचलून थेट पुढे फेकली. किनाऱ्यावर सगळे हसतायत, कारण सगळेच असे उडालेत. पण तिने बूम सोडली नाही, हे छान केलं. हात ताठ राहिले म्हणून डोकं मास्टपासून लांब राहिलं.

चौथा प्रयत्न. हुक लागला. पुढचा पाय गेला. मागचा चाचपडतोय... गेला. बोर्डखालचा आवाज ऐका, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा. ती बूमवरचं एक बोट उचलून बघते, मग दुसरं.

सरांनी होडीचं इंजिन सुरू केलंय. पट्ट्यांतून पाय काढून वळायचं कसं, ते उद्या शिकवायचं ठरलं होतं.