साइट कोणती घ्यायची भाऊ?

ओजस देवतळे, आपल्या नागपूरचा तिरंदाज. २०२३ मध्ये बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये या पोरानं १५० पैकी १५० मारले, म्हणजे पंधरा बाण आणि पंधराही दहामध्येच, आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये तीन गोल्ड. मग घरचं पोरगं म्हणणारच ना, मले बी कंपाउंड पायजे, म्हणजे ते टोकांना चाकं असलेलं धनुष्य! बरं, धनुष्य घेतलं. आता त्यावर साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, कोणती लावायची?

इथंच गडबड होते बघा, कारण यूट्यूबवर सर्च केलं की समोर येतात अमेरिकेतले शिकारीवाले. त्यांच्याकडे धनुष्यानं हरीण मारायचा वेगळा सीझन असतो, लायसन्स असतं. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यामुळे पेंच-ताडोबाला जायचं तर कॅमेरा घेऊन जा, धनुष्य घरी.

पण त्यांची साइट समजून घेऊ, डोकं लावून बनवलेली वस्तू आहे. एका गोल चौकटीत एकाखाली एक तीन किंवा पाच पिना, वरची २० यार्डाची, मग ३०, मग ४०. जनावर कुठं उभं राहील सांगता येत नाही आणि स्क्रू फिरवत बसायला वेळ नसतो, म्हणून अंतराचा अंदाज घ्यायचा आणि त्या पिनवर धरायचं. फायबर ऑप्टिक कशासाठी, तर पहाटे नाहीतर संध्याकाळी अंधुक उजेडात पिन चमकावी म्हणून. तीच पिन आपल्या मे महिन्याच्या उन्हात इतकी पेटते की टोकाचा पसरट ठिपका दिसतो आणि टारगेटचा मधला भागच झाकून टाकतो.

आता आपलं मैदान. अंतर ठरलेलं, उजेड भरपूर, कंपाउंडला ५० मीटर आणि रिकर्वला, म्हणजे टोकं पुढं वळलेल्या बिनचाकाच्या धनुष्याला, ७०. मग पाच पिना कशाला बावा? एकच ठिपका पायजे आणि तो जिथं ठेवला तिथंच राहिला पायजे.

हिशोब करून बघा. रिकर्वची साइट डोळ्यापासून अंदाजे ९० सेंटिमीटरवर असते. ती फक्त एक मिलिमीटर सरकली तर ७० मीटरवर बाण सात-आठ सेंटिमीटर सरकतो, आणि त्या १२२ सेंटिमीटरच्या टारगेटवर एक रिंग असते ६.१ सेंटिमीटरची, म्हणजे पोराचा काहीच दोष नाही आणि दहाचा नऊ, नशीब वाईट तर आठ! म्हणून दुकानात गेलात की लेन्स-बिन्स राहू द्या, आधी साइट हातात घेऊन हलवा. ढिली लागते का, खुळखुळते का? नॉब दहा क्लिक वर न्या, दहा खाली आणा, काटा त्याच रेघेवर आला का? नाही आला तर कितीही स्वस्त देऊन राहिला असेल, ठेवून द्या.

लेन्सचं म्हणाल तर रिकर्वला नियमानंच चालत नाही, धनुष्य वाकडं झालं का दाखवणारा लेव्हलचा बुडबुडाही नाही, साधी रिंग किंवा पिन. कंपाउंडला दोन्ही चालतं, वर दोरीत पीप पण, म्हणजे डोळा लावून बघायचं बारीक गोल भोक. पण नव्या पोराला मोठ्या नंबरची लेन्स देऊ नका, टारगेट मोठं दिसतं तसं हाताचं थरथरणं पण मोठं दिसतं, आणि पोरगं घाबरून बाण सोडायचा ट्रिगर झटकतं. कमी नंबरनं सुरू करा. पीपचं गोल आणि स्कोपचं, म्हणजे लेन्सच्या चौकटीचं, गोल एकमेकांत बरोबर बसतंय का तेवढं बघा. थर्ड ॲक्सिसच्या ॲडजस्टमेंटचे जास्तीचे पैसे मागतील, ते डोंगर-उतारावर वर-खाली नेम धरणाऱ्यांच्या कामाचं, आपली सपाट जमीन, सोडा.

आणि जो अजून देशी बांबूच्या धनुष्यावर इंडियन राऊंड खेळून राहिला, त्याच्यासाठी साइट आत्ता घेऊच नका.

बसवल्यावर बाण डावीकडे लागत असतील तर साइट पण डावीकडेच न्यायची, वर लागत असतील तर वर. नव्या माणसाला हे उलटं वाटतं अन् तो अर्धी सकाळ भलतीकडे फिरवत बसतो. एका बाणावरून काही ठरवू नका, सहा मारा, घोळका कुठं पडला ते बघा, मग हात लावा. आकडा जमला की वहीत लिहा आणि स्क्रूवर पांढऱ्या पेननं रेघ मारून ठेवा, बाइकवर किट घेऊन खड्ड्यातून आलात की स्क्रू फिरला का नाही ते लगेच कळतं.